बार्बाडोसमध्ये आधी विचारा: कोणता डॉलर?

बार्बाडोसला गेलेल्या पर्यटकाचा खिसा कापायला बहुतेक वेळा चोर लागत नाही. तो स्वतःच दुप्पट पैसे मोजून मोकळा होतो. बेटावर दोन डॉलर चालतात, बार्बाडोसचा आणि अमेरिकेचा. १९७५ पासून भाव बांधलेला आहे: १ अमेरिकी डॉलर म्हणजे २ स्थानिक. टॅक्सीवाले, दुकानदार, किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देणारे, सगळे दोन्ही नोटा घेतात, आणि पाटीवर नुसती डॉलरची खूण असते.

टॅक्सीत हे सर्रास घडतं. इथल्या टॅक्सीला मीटर नाही, भाडी ठरलेली असतात. चालक "साठ" म्हणतो, प्रवासी साठ अमेरिकी देतो. साठ स्थानिक असते तर तीसच द्यायचे होते. सगळे चालक असे नाहीत, पण चूक दुरुस्त करायची घाई फार थोड्यांना असते. म्हणून सामान डिकीत ठेवण्याआधी विमानतळावरचं दरपत्रक पाहा, रक्कम आणि चलन दोन्ही बोलून घ्या. गाडीचा नंबर झेड अक्षराने सुरू होतो ना, तेही बघा. एच असेल तर ती स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी, टॅक्सी नव्हे. तिच्यातून टॅक्सी म्हणून कुणी न्यायला लागला तर बसू नका.

सुटे पैसे परत देतानाची फसवणूक जास्त बेमालूम. बिल ३० स्थानिक डॉलरचं, तुम्ही ५० ची अमेरिकी नोट दिलीत. तिचे १०० झाले, म्हणजे ७० परत यायला हवेत. हातावर २० ठेवले जातात. पन्नासातून तीस गेले, वीस उरले, हा हिशेब डोक्यात इतका पटकन बसतो की माणूस नोटा न मोजता चालू लागतो. मिळालेली वीसची नोट रंगीत, प्लॅस्टिकची आहे म्हणजे ती स्थानिक, तिची किंमत १० अमेरिकी डॉलर. मोठी अमेरिकी नोट बाहेर काढूच नका. १, ५ आणि १० च्या नोटा जवळ ठेवा, किंवा सरळ स्थानिक चलनात व्यवहार करा.

कार्ड देताना यंत्राच्या पडद्यावर आकड्याशेजारी बीबीडी (स्थानिक डॉलर) लिहिलंय की यूएसडी (अमेरिकी डॉलर), ते वाचल्याशिवाय पिन दाबू नका. यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा. त्या रूपांतराचा भाव तुमच्या बँकेपेक्षा महाग पडतो. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर खालच्या टिपच्या रकान्यात पुन्हा काही भरायची गरज नाही.

किनाऱ्यावर जेट-स्की घेणार असाल तर निघण्याआधी तिच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, मालकाला दिसेल असा. परतल्यावर जुना ओरखडा तुमच्या माथी मारून भरपाई मागितली जाते. उन्हाने भाजलेल्या हाताला कुणी न विचारता कोरफड चोळू लागला तर तिथेच थांबवा, पैसे नंतर मागतात.

एक गोष्ट मात्र घरून निघण्याआधीची. भारतातले काही एजंट मायामीमार्गे स्वस्त तिकीट विकतात आणि अमेरिकेत विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर अमेरिकी व्हिसा लागतो, हे सांगत नाहीत. मग चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागतं. पैसे भरण्याआधी प्रत्येक थांब्याचा व्हिसा-नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा.

बेटावर वाद चिघळलाच तर पोलिसांचा नंबर २११ आहे. गाडीचा नंबर आणि पावती हाताशी असू द्या.