गळ्यासाठी मेश नेब्युलायझर : गणपती ते रामनवमी, वापरानंतरचा अनुभव

मी नारदीय कीर्तन करते. पूर्वरंग-उत्तररंग धरून दोनेक तास उभ्यानं बोलायचं, मध्ये पदं, साक्या, दिंड्या गायच्या, रात्री एसी बस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा तेच. कोणत्या गळ्यावर हे यंत्र वापरलं ते आधी सांगितलेलं बरं. घरी निवांत तासभर रियाज करणाऱ्यांना माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडायचा नाही.

परदेशात 'गायकांसाठी खास' म्हणून असली यंत्रं मिळतात. मी घेतला तो मेडिकलच्या दुकानातला साधा, मुठीत मावणारा मेश नेब्युलायझर, दम्याच्या रुग्णांना देतात तोच. तीन हजारांच्या आत पडला. आत धातूची एक पातळ जाळी असते, तिला हजारो सूक्ष्म छिद्रं. ती सेकंदाला लाखाहून अधिक वेळा थरथरते आणि वरच्या कपातलं सलाईन काही मायक्रॉनच्या थेंबांत फुटून धुक्यासारखं बाहेर येतं. जुन्या कॉम्प्रेसरवाल्या मशीनची घरघर यात नाही. धुकं गारच असतं, त्यामुळे वाफाऱ्यासारखं पाणी तापवणं, भांडं सांभाळणं, तोंड पोळणं, काही नाही.

हे घेण्यामागचं कारण सोपं आहे. गिळताना स्वरयंत्राचं दार मिटतं आणि पाणी अन्ननलिकेत जातं. म्हणजे कीर्तनात घेतलेला कोमट पाण्याचा घोट काय किंवा गालात धरलेला ज्येष्ठमध काय, स्वरतंतूंना थेट शिवतसुद्धा नाही. ज्येष्ठमधानं लाळ सुटते, घसा ओला वाटतो, मी आजही तो सोडलेला नाही. प्यायलेलं पाणी शरीरात मुरून स्वरतंतूंपर्यंत पोचतं, पण त्याला वेळ लागतो. वरून ओलावा द्यायचा तर तो श्वासाबरोबरच जायला हवा.

कपात घालायचं ते ०.९ टक्के सलाईन, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. शरीरातल्या द्रवांशी हे प्रमाण जुळतं. साधं किंवा डिस्टिल्ड पाणी नको, त्यानं श्वासनलिका चुरचुरते, दमेकऱ्याला तर खोकल्याची उबळ येऊ शकते. अमेरिकेत ३४ सोप्रानो गायिकांवर झालेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांना एक टक्क्याहून कमी आर्द्रतेची हवा तोंडानं पंधरा मिनिटं घ्यायला लावली आणि मग कधी ३ मिली सलाईनचं धुकं दिलं, कधी निर्जंतुक पाण्याचं, कधी काहीच नाही. कोरड्या हवेनंतर गाण्याला जास्त जोर लागतोय असं त्यांना जाणवत होतं. ही जाणीव पूर्ववत झाली ती फक्त सलाईननं. पाणी दिलं तेव्हा आणि काहीच दिलं नाही तेव्हा ती पुढचे दोन तास टिकून राहिली. गंमत म्हणजे स्वर फुटायला लागणारा हवेचा दाब त्यांनी मोजला, त्यात मात्र म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

माझा अनुभव थेट इथेच येऊन बसतो. आवाज यानं 'सुधारला' नाही. तार षड्ज जिथं होता तिथंच आहे, श्रोत्यांपैकी कोणालाही फरक कळलेला नाही. कळतो तो मला. रात्रभराच्या एसी प्रवासानंतर सकाळी पहिला षड्ज लावताना जे खरखरीत, ढकलून काढावं लागल्यासारखं वाटायचं, ते पुष्कळ कमी झालं. विदर्भातल्या कोरड्या थंडीत फरक सर्वांत जास्त जाणवला. गणपतीत, कोकणातल्या दमट हवेत, पिशवीतून काढायची इच्छाही झाली नाही.

वेळेचं म्हणाल तर ३ मिली संपायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. तोंडात धरायची नळी वापरते, मास्क नाही. मास्कमध्ये नाकानं श्वास घेतला जातो आणि बरेचसे थेंब नाकातच अडकतात. नेहमीसारखा संथ श्वास, ओढून-ताणून नाही. कीर्तनाच्या अर्धा-पाऊण तास आधी एकदा आणि रात्री परत आल्यावर एकदा. मध्यंतरात हार-बुक्का चाललेला असताना हे काढून बसणं शोभतही नाही आणि तेवढा वेळही नसतो.

शोभण्यावरून आठवलं. तोंडातून पांढरा धूर निघताना बघून आमचे पेटीवाले काका म्हणाले, "ताई, गुडगुडी कधीपासून?" एका देवळात विश्वस्तांनी दारातून पाहिलं आणि काही न बोलता गेले. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, लोकांना शंका येणारच. आता सलाईनच्या कुप्या शेजारी दिसतील अशा मांडून बसते.

तक्रार जाळीची. वापरून झाल्यावर मीठ सुकून छिद्रं बुजतात. त्यासाठी प्रत्येक वेळी कपात थोडं डिस्टिल्ड पाणी घालून मिनिटभर चालवायचं आणि मग उघडं वाळवायचं. हे सगळं करूनही माझी पहिली जाळी दिवाळीनंतर मंदावली, धुकं अगदी विरळ येऊ लागलं. जाळी कपातच बसवलेली असते, म्हणून नवा कप मागवला तर कंपनीनं वॉरंटीत बसत नाही म्हणून कळवलं आणि यंत्राच्या निम्म्याच्या जवळपास पैसे घेतले. विकत घेताना हे कुणी सांगत नाही. तेव्हा सुटा कप मिळतो का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. बॅटरीबद्दल तक्रार नाही, पॉवर बँकवरही चालतं.

सलाईन कुपीतलंच घ्या, फोडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. घरी मीठ-पाणी कालवू नका, ते निर्जंतुक होत नाही. नाकात घालायचे सलाईनचे थेंब वेगळे, त्यात बरेचदा टिकवण्यासाठी रसायन असतं. आणि निलगिरी, कापूर, पुदिन्याचं तेल यांपैकी काहीही यात घालायचं नाही. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं.

दमलेल्या गळ्यावर याचा उपाय नाही. लागोपाठ कीर्तनं झाली, वर निमंत्रणाच्या जेवणात गप्पा झाल्या की आवाज बसतो, आणि तो मौनानंच उठतो. गाभाऱ्यातल्या धूप-उदबत्तीच्या धुरापुढेही हे थिटं पडतं. त्यासाठी मी आयोजकांना धुपाटणं लांब ठेवायची विनंती करते. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच असेल तर यंत्राच्या नादी न लागता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू बघून घ्यावेत. दमा असेल तर सुरू करण्याआधीच विचारावं.

घ्यावं का? सतत फिरणारे कीर्तनकार, निवेदक, एसी वर्गात दिवसभर शिकवणारे यांनी घ्यायला हरकत नाही. मुंबई-कोकणात राहून घरीच गाणाऱ्यांनी आधी एसी बंद करून आणि पाणी वाढवून पाहावं, बहुतेकांचं तेवढ्यात भागेल. माझ्या शिष्येला दौऱ्यात वापरून बघायचं होतं, तिच्यासाठी नळी वेगळी घेतली. मेडिकलमध्ये ती सुटी मिळते आणि फार महागही नाही.