सावंतवाडीच्या राजवाड्यातील गंजिफा
मोती तलावाकाठच्या या राजवाड्यात कारागीर समोर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, रंगवतात आणि खरेदीपूर्वी ते काम निवांत पाहावे. संस्थानचे अखेरचे राजे व पुढे आमदार झालेले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ही लोप पावत चाललेली कला स्वतः शिकून घेतली, इतरांना शिकवली, म्हणूनच आज ती आपल्या हाती येते. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. त्यांतील राजा आणि प्रधान यांच्या चित्रांचे बारीक रेखाटन केवळ अप्रतिम आहे. पूर्ण संच स्वस्त नाही, परंतु प्रत्येक पानामागचे श्रम पाहता किंमत मला रास्त वाटली. लाखकामाच्या लाकडी वस्तूही सुबक आहेत.