534 डॉलर, बायबलची ग्रीक आणि तेराव्या धड्यातला खोकला

घरबसल्या बायबलची ग्रीक शिकवणाऱ्या एका कोर्सवर माझे एकूण 534 डॉलर गेले. प्रवेशाचे 39, पूर्ण कोर्सचे 260, ‘अभ्यास साहित्या’चे 85 आणि परीक्षा-प्रमाणपत्राचे 150. चारही पावत्या माझ्याकडे आहेत. इतके दिवस लाजेपोटी जाहीरपणे बोलले नाही. आता लिहितेय, कारण हा कोर्स विकणारा माणूस अजून राजरोस विकतो आहे.

असले कोर्स कसे गळाला लावतात ते तुम्हाला माहीत आहे. आधी थोडं फुकट, मग ‘फक्त आजच सवलत’, मग फीवर फी. मलाही ते माहीत होतं. पण ग्रीकसारख्या विषयात फसवणाऱ्याला एक जास्तीची सोय असते. शिकवणाऱ्याचं चुकतंय हे शिकणाऱ्याला कळतच नाही. कळलं असतं तर मी शिकायला बसलेच कशाला असते?

मला काही पंडित व्हायचं नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? मूळ ग्रीकमध्ये पहिल्या दोन वेळा प्रीतीसाठी ‘आगापाओ’ हे क्रियापद आहे, तिसऱ्या वेळी ‘फिलेओ’ हे दुसरं, आणि पेत्र तिन्ही वेळा ‘फिलेओ’नेच उत्तर देतो. एक प्रवचनकार म्हणतो यात फार मोठा अर्थ आहे, दुसरा म्हणतो योहान हे शब्द अदलून बदलून वापरतोच. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. मला निदान एक अध्याय यावा, एवढीच इच्छा होती. यात हाव कुठे आली? ‘लोभ नडला’ असं मला ऐकवणाऱ्यांनी हे सांगावं.

पहिले सहा धडे मोफत होते आणि चांगले होते. चोवीस अक्षरं, शब्दाच्या शेवटी येणारा वेगळ्या वळणाचा सिग्मा, म्हणजे ‘स’, सुरुवातीच्या स्वरावर बसून ‘ह’ देणारा उलटा स्वल्पविराम. आपल्याला अर्धविराम दिसतो ते ग्रीकमधलं प्रश्नचिन्ह असतं, हेही तिथेच शिकले. प्रत्येक गोष्ट मी दुसरीकडे पडताळून पाहिली आणि बरोबर निघाली, तेव्हाच 39 भरले. पुढचे दोन धडे पाहिल्यावर 260. डोळे मिटून पैसे टाकणारी मी नाही.

आणि मग तेरावा धडा.

बाराव्या धड्यापर्यंत ‘एटा’ या अक्षराचा उच्चार ‘ए’ होता. ‘एन आर्खे एन हो लोगोस’, प्रारंभी शब्द होता. हे वाक्य मी कामं करताना पुटपुटत असे. तेराव्यात तेच वाक्य आलं ‘एन आर्खी ईन ओ लोगोस’ असं. आवाजही दुसऱ्याच माणसाचा. वहीत लाल पेनाने मी लिहून ठेवलंय, ‘ए की ई??’ ती वही आत्ता समोर उघडी आहे आणि ती दोन प्रश्नचिन्हं बघून मला अजून संताप येतो. बरं, तेवढंच नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अकराव्या मिनिटाला कुणीतरी खोकलं आणि शिक्षक थांबून म्हणाले, “ठीक आहेस ना?” ‘घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी खास चित्रित’ केलेल्या धड्यात हे खोकणारं कोण? उजव्या कोपऱ्यात राखाडी डाग होता. “पान 96 उघडा,” असं सांगत होते, आणि आम्हाला पुस्तक म्हणून काही दिलेलंच नव्हतं.

मी कोर्सवाल्याला विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, “सिस्टर, आतापर्यंत पाया होता. आता प्रेषित बोलत तसा खरा उच्चार सुरू होतोय.” ते वाचून माझा ऊर भरून आला होता, काय सांगू! खरं एवढंच आहे की ‘ए’वाली पद्धत इरॅस्मस या युरोपीय विद्वानाने 1528 साली उच्चारावर लिहिलं त्या परंपरेतली आणि ‘ई’ आजच्या ग्रीक लोकांची. दोन्ही पद्धतींनी शिकवणारे आहेत, पण खरा शिक्षक मध्येच एक सोडून दुसरी धरत नाही. उच्चार बदलला की तिथेच थांबा. पैसे भरणं थांबवा, आधीचे पैसे परत मागा.

मी थांबले नाही. 85 डॉलरच्या पुस्तिकेत उपपदाचा, म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या शब्दाचा, तक्ता होता. तीन लिंगं, दोन वचनं, चार विभक्ती, म्हणजे रूपं चोवीस हवीत. छापलेली अठरा. चतुर्थीची ओळच गायब, आणि शब्दांच्या शेवटचे सगळे सिग्मा चुकीचे. ती सहा रूपं मी हाताने लिहून घेतली आणि छपाईची चूक म्हणून सोडून दिलं.

प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव होतं, त्यांनी एका ओळीत कळवलं की असा कोर्स आमचा नाही. मग मात्र तेराव्या धड्यातलं एक उदाहरणवाक्य मी शोधून पाहिलं. एका धर्मशिक्षण संस्थेची अख्खी व्याख्यानमाला सापडली, कित्येक वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी मोफत टाकलेली. तोच वर्ग, अकराव्या मिनिटाला तोच खोकला. डागाच्या जागी त्या संस्थेचं चिन्ह.

पुढची गंमत तर याहून संतापजनक. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, आणि पहिल्या दोन रकमांची तक्रारीची मुदत संपली. उरलेल्या दोन रकमांसाठी विक्रेत्याकडून ‘माल मिळाला नाही’ असं लेखी आणा! चोराकडून दाखला आणायचा? पैसे पुढे पाठवणाऱ्या कंपनीने तीनदा शब्दन् शब्द तेच उत्तर धाडलं. व्हिडिओ ठेवणाऱ्या जागेने सांगितलं की चोरीची तक्रार फक्त मूळ मालकाने करायची. मूळ मालकांना मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. पोलिसांत गेले तर समोरचे साहेब म्हणाले, “मॅडम, व्हिडिओ मिळाले ना तुम्हाला? मग फसवणूक कुठे झाली?” वर विचारतात, ग्रीक शिकून करणार काय? मी काय करणार याच्याशी तुमचा संबंध काय? मोबाइल घेताना फसले असते तर विचारलं असतंत, फोन कुणाला करणार म्हणून? चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, अर्ज घेतला, आणि तीन आठवड्यांनी ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ असा शेरा मारून बंद केला.

प्रमाणपत्रासाठी एक पैसाही देऊ नका; आधी विद्यापीठाला स्वतः विचारा. बायबलच्या नव्या कराराचा ग्रीक मजकूर विकत घ्यायची गरज नाही, ‘सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर’ (एसबीएल) या संस्थेची आवृत्ती 2010 पासून मोफत उतरवून घेता येते. नव्या करारात 50 किंवा जास्त वेळा येणारे शब्द तीनशेच्या थोडे वर आहेत आणि त्यांत सुमारे 80 टक्के मजकूर येतो. ‘पाच हजार शब्दांचा खास संच’ म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. शिक्षकाला समोर बसवून तुम्ही निवडलेल्या दोन ओळी वाचायला लावा. टाळाटाळ केली की समजा. आणि धार्मिक भाषेत गोड बोलतो म्हणून विश्वास टाकू नका, मी टाकला.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाच्या फोटोखाली नव्या नावाने हिब्रूचा कोर्स आलाय. प्रवेश 49 डॉलर, पहिले सहा धडे मोफत. ज्यांनी आधीच भरलेत त्यांनी पावत्या आणि निरोपांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, तो जुने निरोप पुसतो. बँकेत लेखी द्या, तोंडी नको, आणि मुदत किती दिवसांची ते पहिल्याच दिवशी विचारा. पोलिसांत स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज करा. माझा एकटीचा होता म्हणून तो बंद करणं त्यांना सोपं गेलं.