आमच्या चर्चच्या तळघरातला शुक्रवारचा फिश फ्राय

कनेक्टिकटमध्ये न्यू हेवनच्या आसपास कुणी मराठी माणूस राहत असेल, कॅथलिक असो नसो, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सुरू झाला की इथल्या बऱ्याच चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी फिश फ्राय, म्हणजे तळलेल्या माशाचं जेवण, असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो नाइट्स ऑफ कोलंबस ह्या कॅथलिक पुरुषांच्या संस्थेचे लोक चालवतात. आमच्या चर्चमधल्या फिश फ्रायला मी पाच वर्षं जातोय, आधी एकटा, मग लग्न होऊन बायको आली, मग मुलगी झाली, आणि यंदा आई वसईहून आलीये तर तिलाही घेऊन जातोय. चर्चचं नाव लिहीत नाही कारण दोन-चार तक्रारी पण करायच्यात आणि माणसं सगळी रोजच्या ओळखीची आहेत.

आधी जेवणाचं सांगतो. 15 डॉलरची प्लेट, त्यात कॉड माशाचे दोन मोठे तुकडे पिठात बुडवून तळलेले, फ्रेंच फ्राइज, कोलस्लॉ (कोबीचं सॅलड), एक पाव आणि बटर. लहान मुलांची प्लेट 8 डॉलर. क्लॅम चावडर वेगळं घ्यावं लागतं, म्हणजे दूध आणि बटाटा घातलेलं शिंपल्यांचं घट्ट पांढरं सूप, ते घ्याच, बाहेर बर्फ असतो आणि जिना उतरून खाली आलं की त्या वाटीला दोन्ही हात लावून बसायचं. मासा कढईतून निघाल्या निघाल्या मिळाला तर एक नंबर, वरून कुरकुरीत आणि आतला मासा पांढरा, पाकळ्या पाकळ्या सुटणारा. पण साडेसहाच्या गर्दीत ट्रेमध्ये फॉइलखाली झाकून ठेवलेला मिळतो आणि वाफेने मऊ पडलेला असतो, फ्राइज तर पार गळलेल्या. कोलस्लॉ फार गोड, मला पाच वर्षांत जमलेलं नाही. मीठमिरी सोडून मसाला काही नाही म्हणून मी आमच्या वसईकडच्या बॉटल मसाल्याची छोटी डबी खिशात घेऊन जातो, माशावर भुरभुरायचा आणि वर लिंबू पिळायचं, लिंबाच्या फोडी काउंटरवर असतातच. टेबलावरच्या एका आजोबांना एकदा दिला तर आता मला बघितलं की तेच हात पुढे करतात.

आई पहिल्या शुक्रवारी आली तेव्हा बराच वेळ तुकड्याकडे बघत बसली, बोंबील आणि सुरमईवर आयुष्य काढलेली बाई, म्हणाली, "ह्याला काटा कसा नाही रे? डोकं कुठे गेलं?" पण खाल्लं सगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी 14 वर्षांवरच्या कॅथलिकांनी मांस खायचं नाही असा नियम आहे, मासा चालतो. पूर्वी इथे वर्षभर सगळेच शुक्रवार तसे असायचे, 1966 मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी ते सैल केलं. मॅकडोनल्ड्सचा फिले-ओ-फिश आहे ना, तो पण ह्यातूनच आलाय, 1962 मध्ये सिनसिनाटीच्या एका दुकानमालकाने काढला कारण शुक्रवारी त्याचं कॅथलिक गिऱ्हाईक बर्गर खायला यायचंच नाही.

पण मी दर शुक्रवारी जातो ते नुसतं माशासाठी नाही. सहाच्या सुमारास ग्रँड नाइट, म्हणजे आमच्या काउन्सिलचे (संस्थेच्या इथल्या शाखेचे) अध्यक्ष, पंच्याहत्तरीचे काका आहेत, ते माइक घेतात आणि प्रार्थनेनंतर आठवड्याच्या बातम्या सांगतात. कोण हॉस्पिटलमध्ये आहे, कोणाची केमो संपली, कोण गेलं आणि अंत्यविधी किती वाजता, कोणाच्या नातवाला स्कॉलरशिप मिळाली, मुलांसाठी हिवाळी कोट किती जमले, टूट्सी रोल गोळ्या वाटत मतिमंद मुलांसाठी देणगी गोळा करतात त्याचे किती झाले. पाच मिनिटांचंच असतं, पण त्या पाच मिनिटांत अख्खा हॉल गप्प, पोरं पण. कोणाचं नाव कॅन्सरमध्ये आलं की काउंटरवर जाऊन त्याच्या घरी न्यायच्या जेवणाच्या यादीत आपलं नाव लिहायचं, कोणी सांगावं लागत नाही. गावी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात अर्धा तास उभं राहून जे कळतं ते इथे मला ह्या हॉलमध्ये कळायला लागलं. पहिल्या वर्षी मी दोन शुक्रवार गेलो नाही, तापाने पडलो होतो, तिसऱ्या दिवशी दारात चावडरचा डबा घेऊन एक माणूस उभा. त्याचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याने माझा पत्ता फादरकडून घेतला होता.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते पांढरे डबे. साडेचारला, गिऱ्हाईक यायच्या आधी, पहिली कढई निघते ती चाळीसेक डब्यांत भरली जाते आणि नाइट लोक आपापल्या गाड्यांनी ते डबे घरोघर देऊन येतात. त्यातले बरेचसे विधवा बायकांकडे जातात, ज्यांचे नवरे एके काळी ह्याच काउन्सिलमध्ये होते. पैसे घेत नाहीत. मी एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, अरे आमची संस्था सुरूच त्यासाठी झाली.

ते खरंच आहे. फादर मायकल मॅकगिव्हनी म्हणून न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चमध्ये तरुण पाद्री होते, वॉटरबरीच्या पितळेच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, तेराव्या वर्षी स्वतःही कारखान्यात कामाला लागलेले. सेमिनरीत, म्हणजे पाद्री होण्याचं शिक्षण घेत असताना 1873 मध्ये वडील गेले आणि घरात धाकटी भावंडं. त्या काळात इथे आयरिश स्थलांतरितांची घरं अशीच होती, कारखान्यात कर्ता पुरुष मेला की घर मोडलं, पोरं विखुरली. 1882 मध्ये डाउन्स नावाच्या कुटुंबात बाप गेल्यावर कोर्टाने मुलाला पालक दाखवा म्हटलं तेव्हा आल्फ्रेड नावाच्या त्या मुलाचं पालकत्व ह्या फादरने स्वतः घेतलं. आणि त्याच वर्षी 29 मार्चला नाइट्स ऑफ कोलंबसची नोंदणी झाली, ती पण चर्चच्या तळघरातल्या बैठकांतूनच. सभासद गेला तर बाकीच्यांनी मिळून त्याच्या बायकोला पैसे द्यायचे, मूळ कल्पना एवढीच. आज 20 लाखांवर सभासद आहेत आणि मोठी विमा कंपनी आहे. फादर मॅकगिव्हनी मात्र 1890 मध्ये न्यूमोनियाने गेले, फक्त 38 वर्षांचे. 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

मी नववीत असताना माझे बाबा गेले. आमच्या धर्मग्रामातल्या (आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची दोन माणसं दर महिन्याला तांदूळ-तेल घेऊन यायची आणि माझी दहावीपर्यंतची फी त्यांनीच भरली, आईने कोणाकडे मागितलं नव्हतं. त्यामुळे ते पांढरे डबे बघून माझं काय होतं हे मी वेगळं लिहीत नाही. आईला एका शनिवारी सेंट मेरीला घेऊन गेलो, फादर मॅकगिव्हनी यांची कबर चर्चच्या आतच आहे, तिला सगळी हकिकत सांगितली, ती बराच वेळ बाकावर बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे आपल्या मोनीस फादरांसारखंच की." मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये वसईत बसीन कॅथलिक बँक सुरू केली ते तिच्या डोक्यात होतं, बाबांचं पासबुक त्याच बँकेचं. मला स्वतःला हे कधी सुचलं नव्हतं.

आता तक्रारी. कार्डचं मशीन अर्धा वेळ बंद, कॅश घेऊन जा. पार्किंग अपुरं आहे आणि बर्फ असला की मागच्या बाजूचा उतार घसरडा होतो, म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांना पुढच्या दारात उतरवा. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, हे मी दोन वर्षं सांगतोय आणि ते व्हायलाच पाहिजे, निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत. आणि बायकोचं म्हणणं मला पटतं, सभासद फक्त अठरा वर्षांवरचे कॅथलिक पुरुष होऊ शकतात, पण हॉलमध्ये पीठ कालवण्यापासून टेबलं पुसण्यापर्यंत बायका तितक्याच राबतात, मग माइकवर आभार मानताना त्यांची नावं पहिली आली पाहिजेत.

इन्शुरन्स घ्यायला मागे लागतील का असं मला दोन मित्रांनी विचारलं. नाही. जेवायला कोणीही जाऊ शकतं, आणि सभासद झालात तरी विमा घ्यायची सक्ती नाही. मी चार वर्षं नुसताच जेवून येत होतो, गेल्या वर्षी सभासद झालो. पूर्वी सभासद करून घेण्याचा विधी बंद दाराआड व्हायचा, 2020 पासून घरच्यांसमोर चर्चमध्येही करतात, त्यामुळे बायको आणि मुलगी पहिल्या बाकावर होत्या.

तर जायचं असेल तर साडेपाचला पोचा, मासा तेव्हा कढईतून थेट मिळतो आणि चावडर साडेसहाला संपतं. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्याकडे फिश फ्राय नसतो, त्या दिवशी क्रूसाची वाट ही प्रार्थना असते. बाकीच्या शुक्रवारी मी साडेचार ते सहा डबे पोचवायला गेलेलो असतो. आई एप्रिलअखेरपर्यंत आहे, शेगडीजवळच्या शेवटच्या टेबलावर बसते, मसाल्याची डबी तिच्याकडेच असते, तिच्याशी जाऊन मराठीत बोला, इथे तिला बोलायला माणसं कमी पडतात.