काळं लाकूड, रव्यासारखा भुसा

केंब्रिजशायरला राहायला आलो आणि वर्षभरात लेथ, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, घेतला. इथल्या कातकाम करणाऱ्यांच्या तोंडी एकच नाव, बॉग ओक. फेन्स या इथल्या एकेकाळच्या दलदलीच्या सखल जमिनीत हजारो वर्षांपूर्वी पाणी भरलं, ओकची जंगलं आडवी झाली आणि पीटखाली, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराखाली, गाडली गेली. हवा नाही, म्हणून कुजली नाहीत. अजूनही नांगराला अडकून ओंडके वर येतात. २०१२ साली नॉरफोकमध्ये तेरा मीटरचा, सुमारे ५००० वर्षं जुना ओंडका मिळाला. त्याचं टेबल मी २०२२ साली ईलीच्या कॅथेड्रलमध्ये पाहिलं आणि त्या काळ्या रंगाने पार वेडा झालो.

वेड्याला गिऱ्हाईक म्हणतात. पेनं कातायला बॉग ओकचे दहा ठोकळे, १२० पौंड, ऑनलाइन. सोबत ‘कार्बन डेटिंगचं प्रमाणपत्र’, म्हणजे लाकडातल्या कार्बनवरून काढलेलं वय: ५,३१२ वर्षं. ५,३१० च्या वरच्या त्या दोन वर्षांचा केवढा आनंद झाला होता मला, इतकं नेमकं वय!

पहिल्या ठोकळ्यात ७ मिलिमीटरचं ड्रिल घातलं. सुरुवातीचा सेंटिमीटरभर भुसा काळा. मग रंग बदलला, भाजलेल्या रव्यासारखा झाला. वाटलं, ड्रिलला आधीचं काही चिकटलंय. ड्रिल पुसलं, पुन्हा घातलं. रवाच. शेवटी ठोकळा मधोमध कापला. कडेला तीन मिलिमीटरची काळी चौकट आणि आत साधा, परवा तोडल्यासारखा ओक.

आपल्याकडे लोखंडी विळीवर कच्चं केळं चिरलं की बोटं काळी होतात ना, तेच. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, त्याला लोह भेटलं की काळं पडतं. जमिनीतल्या पाण्यातलं लोह हे काम शतकानुशतकं करत राहतं. व्हिनेगरमध्ये स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा गुंता, भिजवून ते पाणी चोपडलं तर वरचा थर तासाभरात काळा होतो. म्हणजे रसायन अस्सल, वय तेवढं खोटं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘नैसर्गिक माल आहे, गाभा फिकाच असतो.’ यात अर्धं खरं आहे, म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो. खरा बॉग ओकही कधी आतून तपकिरी निघतो. पण तो रंग बाहेरून आत हळूहळू फिका होत जातो, आणि ठोकळा झाडाच्या कुठल्याही भागातून कापलेला असू शकतो. चारही बाजूंनी सारख्या जाडीची काळी चौकट निसर्ग कशाला आखेल? तोवर परतीची मुदत टळली होती. पैसे थेट बँकेतून पाठवलेले, ते गेले.

प्रमाणपत्र नंतर नीट वाचलं. खऱ्या अहवालावर प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक असतो, वयापुढे अधिक-उणे असतं आणि ते वय १९५० पासून मागे मोजलेलं असतं. माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. सोनेरी किनार मात्र होती.

ठोकळ्याच्या टोकाच्या फोटोवर जाऊ नका. लाकडाच्या उभ्या रेषांच्या उघड्या तोंडातून रंग खोलवर शोषला जातो, त्यामुळे टोक काळंच दिसतं, वर मेण फासलेलं. मी आता एकच मागतो: एक ठोकळा मधोमध कापून त्या कापाचा फोटो पाठवा, त्या ठोकळ्याचे पैसे माझे. गेल्या महिन्यात तिघांना विचारलं. दोघांनी तासाभरात फोटो पाठवले, आतपर्यंत काळेकुळकुळीत. तिसऱ्याने माझा मेसेज वाचलाय, एवढं दिसतं.