४६ डॉलरचं युनिट आणि पावणेतीन वर्षांची रांग : कम्युनिटी कॉलेजच्या आरएन (रजिस्टर्ड नर्स) प्रवेशाचा माझा अनुभव

कॉलेजचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि पुढची दोन वर्षं मला तिथंच काढायची आहेत. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातलं, फ्रीमाँटहून गाडीनं पाऊण तासावरचं एक सरकारी कम्युनिटी कॉलेज, एवढं पुरे. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला एक अख्खा तारा मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबचा आहे, त्याबद्दल पुढं सांगते.

मी मिरजेची. बीएस्सी मायक्रो, मग सहा वर्षं तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये थुंकी, लघवी, रक्त. लग्न, टेक्सास, दोन मुलं, मग नवऱ्याच्या नोकरीमागं कॅलिफोर्निया. वय ४१. इथं नव्या मराठी बाईला हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर एक सल्लाही मिळतो : "क्यूए टेस्टिंगचा कोर्स कर, तीन महिन्यांत जॉब." मी केलासुद्धा. सॉफ्टवेअरमधलं लॉगिनचं बटण दाबल्यावर निळं होतं की नाही हे तपासत बसलेली असताना एका दुपारी वाटलं, बास झालं. नर्सिंगचं काढलं तर बायकांत एकदम शांतता. आईनं मिरजेहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "म्हणजे सिस्टर होणार तू? बीएस्सी होऊन?" सगळा जन्म दवाखान्यांच्या गावात गेला, पण तिच्या लेखी सिस्टर म्हणजे रात्रपाळी आणि डॉक्टरांचा ओरडा. मी तिला इथला पगार सांगितला. मग तिनं बाबांना हाक मारली, "अहो, इकडं या जरा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कम्युनिटी कॉलेजात मिळते ती एडीएन, दोन वर्षांची असोसिएट डिग्री. चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स डिग्री, केलेली मुलगी आणि एडीएन केलेली बाई शेवटी तीच एनक्लेक्स-आरएन परीक्षा देतात आणि दोघींना तोच परवाना मिळतो. मोठी हॉस्पिटलं बीएसएनवालीला आधी विचारतात हे खरं, पण ते नंतर नोकरी करता करता पुरं करता येतं. फरक पैशाचा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला (विषयाचा अभ्यास मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. ॲनाटॉमी पाच युनिटांची, म्हणजे २३० डॉलर. एका खासगी नर्सिंग कॉलेजचा माणूस मला रोज संध्याकाळी पोळ्या लाटायच्या वेळेला फोन करायचा. त्याचा आकडा ऐकून मी लाटणं खाली ठेवलं होतं. असे फोन तुम्हालाही येतील. तेव्हा आधी राज्याच्या बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगच्या साइटवर जा. मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी तिथं आहे आणि कुठल्या कॉलेजचे किती टक्के विद्यार्थी पहिल्या फटक्यात एनक्लेक्स पास झाले तेही तिथंच दिसतं. माझ्या कॉलेजचा आकडा त्या फोनवाल्याच्या कॉलेजपेक्षा वर होता. हे मी त्याला वाचून दाखवलं, त्यानंतर फोन बंद.

आता 'रहिवासी' या शब्दावर. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर. प्रवेशाच्या खिडकीतल्या मुलानं पासपोर्ट बघितल्या बघितल्या सांगितलं, "व्हिसा आहे म्हणजे इंटरनॅशनल फी." ती कितीतरी पट. हे चूक आहे. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना रहिवासी होता येत नाही, एच-४ वाल्यांना येतं. सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष एक दिवस राहिल्याचं आणि इथंच राहायचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं : लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार. माझ्याकडं तिन्ही होते. तरी दोन हेलपाटे झाले. तिसऱ्या वेळी मी कॉलेजच्याच साइटवरचं पान छापून नेलं आणि रेसिडेन्सी बघणाऱ्या बाईंकडंच थेट गेले. त्यांनी दहा मिनिटांत काम केलं, वर त्या मुलाला हाक मारून पान वाचायला दिलं. अर्धा तारा त्यांचा. नोकरीचं म्हणाल तर एच-४ वर शिकता येतं, काम करायला वेगळा परवाना लागतो. नवऱ्याचं आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर असल्यामुळं माझ्याकडं तो आहे. तुमच्याकडं नसेल तर घरात आधी ते बोलून घ्या, मग ॲनाटॉमीचं पुस्तक विकत घ्या.

अर्जाच्या आधी विषय पुरे करावे लागतात : ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. खरी रांग इथं आहे. नर्सिंगच्या जागा कमी म्हणून सगळे ओरडतात, पण त्याच्या खूप आधी ॲनाटॉमीच्या लॅबची जागा मिळत नाही. जुन्या विद्यार्थ्यांची नोंदणी आधी, नव्यांची शेवटी. माझी वेळ उघडली तेव्हा सगळे वर्ग भरलेले, माझा वेटलिस्टवर अकरावा नंबर. पहिल्या दिवशी वेटलिस्टवाले वर्गात जाऊन भिंतीला टेकून उभे राहतात, कुणी आलं नाही तर प्राध्यापक ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा नंबर, देतात. दादर स्टेशनवर टीसीभोवती उभं राहावं तसे आम्ही. त्या सत्रात दोघांना मिळाला. मला नाही. पाच महिने गेले.

माझी बीएस्सी? ती त्यांनी मोजली नाही. एवढा पैसा भरून, विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणपत्रक) मागवून मूल्यमापन करून घेतलं. सांगलीचा भाऊ त्यासाठी तीनदा विद्यापीठात जाऊन आला. अहवाल आला की डिग्री अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या बरोबरीची. कौन्सेलर म्हणाल्या, छान, पण नर्सिंगचे विज्ञान विषय अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजातलेच लागतात आणि जुनेही चालत नाहीत. हे त्यांनी मूल्यमापनाला पाठवण्याआधी सांगायला हवं होतं, कारण पाठवायला त्यांनीच सांगितलेलं. इथं एक तारा कापला. सगळीकडं असंच असतं असं नाही, शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज परदेशी विषय तपासून घेतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तराला किंमत नाही.

तर ४० व्या वर्षी मी परत मायक्रोला बसले. राग होताच. पहिल्याच महिन्यात ग्रॅम स्टेन आला, जंतू रंगवून ओळखायची पद्धत. काचेवर जंतू पसरायचे, आचेवर धरायचे, क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवायचं, आयोडीन एक मिनिट, धुवायचं, मग अल्कोहोल. सगळा खेळ या अल्कोहोलचा. दोन-चार सेकंद जास्त झाले की जांभळा राहायला हवा तो जंतूसुद्धा रंग सोडतो, आणि नंतरच्या सॅफ्रॅनिननं सगळंच गुलाबी. माझ्या टेबलावरचा पोरगा एकोणीस वर्षांचा, स्टॉपवॉच लावून मोजत होता आणि त्याची स्लाइड तिसऱ्यांदा गुलाबी झाली होती. मी त्याला म्हटलं घड्याळ ठेव बाजूला, काच तिरकी धर, वरून थेंब थेंब सोड आणि खाली पडणाऱ्या थेंबाकडं बघ. जांभळा थेंब बिनरंगी झाला की त्या क्षणी पाणी. मिरजेत आमच्या लॅबमधल्या मामांनी मला असंच शिकवलं होतं. वीज गेलेली, स्पिरिटचा दिवा आणि खिडकीतलं ऊन. पोराची स्लाइड जमली. भिंगाखाली द्राक्षांच्या घडासारखे जांभळे स्टॅफिलोकोकाय. बाई मागं उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी पुढच्या आठवड्यापासून मला दोन टेबलं दिली. रात्री कणीक मळायला घेतली तर धाकटी म्हणाली, "मम्मा, तुझी बोटं जांभळी आहेत." त्या सत्रात राग उतरला. लॅबला अख्खा तारा.

मग टीज, नर्सिंगची प्रवेश परीक्षा. १७० प्रश्न, २०९ मिनिटं : वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. आमच्याकडं किमान ६२ टक्के लागतात, पण ६२ वर कुणी आत जात नाही, वरच्या टक्क्यांना जास्त गुण आहेत. आपल्या लोकांना गणित सोपं, फक्त औंस, कप आणि पौंड पाठ करा. मिरजेत मी दूध लिटरमध्येच घेतलंय. इंग्रजीचं भय होतं, ते शाळेतल्या वाक्यपृथक्करणानं तारलं. कर्ता कोणता, क्रियापद कशाला लागतंय, हे मला या मुलांपेक्षा पटकन दिसत होतं. घात स्पेलिंगनं केला, आपण 'कलर'मध्ये यू घालतो ना. ८८ टक्के मिळाले.

आणि मग पहिला अर्ज बाद झाला. इंग्रजीचा विषय मी टेक्सासच्या कॉलेजात केला होता. त्यांनी ट्रान्सक्रिप्ट पाठवलं, इथं पोचलंही, पण प्रवेश विभागाच्या टपालात. नर्सिंग विभागाच्या फाइलीत ते गेलंच नाही. पोर्टलवर 'प्राप्त' दिसत होतं, म्हणून मी निर्धास्त. मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी ईमेल : अर्ज अपूर्ण, पुढच्या वर्षी पुन्हा करा. एकाच इमारतीतले दोन मजले. मी खालच्या मजल्यावरून त्या कागदाची प्रत घेऊन वरच्या मजल्यावर गेले तर म्हणाले, मुदत संपली. गाडीत बसून रडले, मग मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून निघाले. एक वर्ष. अर्धा तारा यासाठी कापलाय, दोनही कापता आले असते. तुम्ही मात्र मुदतीच्या आधी नर्सिंग विभागालाच लिहा की माझ्या फाइलीत कोणकोणते कागद आहेत ते कळवा.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी गुणांचा तक्ता नीट वाचला. काही कॉलेजं सोडत काढतात, आमचं गुण मोजतं. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात अशा निवडीसाठी काय काय बघावं याची यादी आहे : विषयांतले गुण, आरोग्यक्षेत्रातलं काम, घरची परिस्थिती, आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. त्या भाषांत स्पॅनिश, टागालोग, अरबी, फारसी यांच्या पंगतीला 'भारतीय उपखंडातल्या विविध भाषा' असं चक्क लिहिलंय. म्हणजे मराठी! मी दोनदा वाचलं. पुरावा काय देणार? दहावी मराठी माध्यमातून. कोल्हापूर बोर्डाची गुणपत्रिका ट्रंकेतून निघाली, आईनं तिचा फोटो पाठवताना खाली लिहिलं, "मराठी ८१. संस्कृतला सांगितलं होतं अभ्यास कर." प्रमाणित भाषांतर करून जोडली. मराठी शाळेत घातलं म्हणून ज्या मावश्यांनी आईला नावं ठेवली होती, त्यांच्यापर्यंत ही बातमी तिनं त्याच दिवशी पोचवली. लॅबमधल्या सहा वर्षांचं पत्रही जोडलं, त्याचे गुण मात्र दिले नाहीत, रुग्णाशी थेट संबंध हवा म्हणे.

जूनमध्ये पत्र आलं, निवड झाली. त्यानंतरची धावपळ वेगळीच : पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, जीव वाचवायच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं) कार्ड, लसी. लसींचं आत्ताच ऐकून ठेवा. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुणाकडं असतं? मग गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांची प्रतिकारशक्ती रक्तातून तपासतात. हेपेटायटिस बी कमी निघाली, परत डोस सुरू. आणि टीबी. दंडावर बीसीजीची खूण असेल तर त्वचेखालची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढचं सगळं. सरळ क्वान्टिफेरॉन ही रक्ताची चाचणी मागा, तिला बीसीजीनं फरक पडत नाही. क्लिनिकमधल्या नर्सनं माझी बाही वर करून खूण बघितली आणि स्वतःची बाही वर केली. केरळची होती.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतायत. पांढरे बूट आणले, सेकंदकाटा असलेलं घड्याळ बाबांचं जुनं एचएमटी आहे, ते चालेल असं विचारून घेतलंय.

पुढच्या वर्षी अर्ज करणार असाल तर, फॉर्ममध्ये भाषेच्या यादीत हिंदी आहे, पंजाबी आहे, मराठी नाही. 'अदर' निवडा. खाली एक छोटी चौकट उघडते, ती रिकामी सोडली तर गुण मिळत नाहीत.