पीएमपी, वर्कशॉप, टोस्टमास्टर्स की जुना-जाणता साहेब?

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी माझ्या सॉफ्टवेअर टीममधल्या एका मुलाला विचारलं, "शनिवारच्या रिलीजचं काय?" तो म्हणाला, "होऊन जाईल सर." मी पुढच्याकडे वळलो. शुक्रवारी दुपारी कळलं की पेमेंटचा भाग बँकेच्या सिस्टीमला अजून जोडलेलाच नाही. मग अकरा जणांच्या कॉलवर मी त्याला फाडून खाल्लं. रिलीज कसंबसं झालं. दोन महिन्यांनी त्याने पेपर टाकला आणि एचआरला कारण सांगितलं, 'बेटर ऑपॉर्च्युनिटी'.

'होऊन जाईल' या शब्दांत तारीख नसते. हे कळायला मला एक चांगला मुलगा गमवावा लागला. त्यानंतरच्या काही वर्षांत टीममधली माणसं सांभाळायला शिकण्याच्या जवळजवळ सगळ्या वाटा मी चालून पाहिल्या: काही कंपनीच्या पैशाने, काही स्वतःच्या. आता टीम लीडवरून नुकतीच मॅनेजर झालेली मुलं विचारतात, "सर, यंदा एकच काहीतरी करता येईल. काय करू?" हा आढावा त्यांच्यासाठी आहे. प्रत्येक वाटेला मी एकच प्रश्न लावलाय: त्या गुरुवारी तिचा मला काय उपयोग झाला असता?

पीएमपी

आधी याचं, कारण सगळे आधी हेच विचारतात. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची, म्हणजे पीएमआयची, पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही प्रमाणपत्राची परीक्षा १९८४ पासून आहे. पदवीधराला प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. आमच्या वेळी लोक आकृत्या आणि सूत्रं घोकून जायचे. जानेवारी २०२१ मध्ये आराखडा बदलला आणि १८० प्रश्नांपैकी ४२ टक्के भार थेट 'माणसं' या विभागावर आला. प्रक्रियेला ५० टक्के, उरलेले ८ व्यवसायाच्या परिस्थितीला. आराखडा अधूनमधून बदलतो, तेव्हा फॉर्म भरण्याआधी चालू असलेला उघडून पाहा. क्लासवाल्याच्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

माझा गुरुवार या परीक्षेत जसाच्या तसा येऊ शकतो. टीममधला एकजण काम उशिरा देतोय, मॅनेजरने सर्वांत आधी काय करावं? (अ) स्पॉन्सरला, म्हणजे प्रोजेक्टला पैसा देणाऱ्या वरिष्ठाला, कळवावं, (ब) माणूस बदलावा, (क) त्याच्याशी एकांतात बोलून अडचण समजून घ्यावी, (ड) वेळापत्रक पुन्हा आखावं. उत्तर 'क', हे अभ्यास न केलेल्यालाही कळतं. पण असे शेकडो प्रश्न सोडवल्यावर डोक्यात एक क्रम बसतो: आधी समजून घे, मग बोल, वर न्यायचं ते शेवटी. राग आला की हा क्रमच पहिला विसरतो, त्यामुळे तो बसणं ही छोटी गोष्ट नाही.

तरीही 'क' वर टिचकी मारताना समोर माणूस नसतो. तो खाली मान घालून बसलेला नसतो, "सर, मी तुम्हाला मंगळवारी सांगितलं होतं" असं म्हणत नसतो. परीक्षा ज्ञान तपासते. तोंड उघडल्यावर तुमचा आवाज किती चढतो, ते ती तपासूच शकत नाही.

पीएमपीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. रेझ्युमे चाळणाऱ्याच्या चाळणीतून तुम्ही खाली पडत नाही. नोकरी बदलायची असेल किंवा परदेशी क्लायंटसमोर उभं राहायचं असेल, तर करा, डोळे मिटून करा. सर्टिफिकेट टिकवायला दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, लागतात. त्यातले किमान ३५ शिकण्यातून, आणि त्या ३५ मध्ये कामाच्या पद्धती, पॉवर स्किल्स (माणसांशी वागण्याची कौशल्यं) आणि व्यवसायाची जाण या तिन्हींचे प्रत्येकी किमान ८. बहुतेक लोक पॉवर स्किल्सचे हे आठ पीडीयू वेबिनार लावून, आवाज बंद करून, शेजारच्या खिडकीत मेल लिहीत मिळवतात. मीही मिळवलेत.

उरलेल्यांपैकी २५ पर्यंत पीडीयू व्यवसायाला काही परत देण्याबद्दल मिळू शकतात, आणि इथे मात्र खजिना आहे. पुण्यात आणि मुंबईत पीएमआयची चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आहेत. तिथे स्वयंसेवक म्हणून एखादा कार्यक्रम उभा करायला घ्या. समोर तुमच्याच वयाचे, तुमच्याइतकेच हुशार, तुमच्याइतकेच दमलेले लोक. कोणाचंही अप्रेझल तुमच्या हातात नाही. 'प्लीज आजच्या आज करून टाक' हे वाक्य तिथे चालत नाही, मग दुसरं शोधावं लागतं. सर्टिफिकेट भिंतीवर लागल्यानंतर मी माणसांबद्दल जे शिकलो, ते तिथे.

(स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत; तिच्या सीएसएम आणि पीएसएम-१ या दोन प्रमाणपत्रांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: सीएसएमला दोन दिवसांच्या आसपासचा कोर्स सक्तीचा असतो, पीएसएम-१ ला कोर्सची सक्ती नाही, ८० प्रश्न ६० मिनिटांत सोडवून ८५ टक्के मिळवायचे. पहिल्यात ट्रेनर चांगला लागला तर माणसं हाताळण्याबद्दल चार गोष्टी पदरात पडतात, दुसऱ्यात पडायचं कारण नाही. निवड नोकरीच्या जाहिराती पाहून करा.)

दोन दिवसांचं वर्कशॉप

हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, वर पुदिन्याच्या गोळ्यांची वाटी. कागदाचा मनोरा उभारायचा, मग 'यातून आपण काय शिकलो?' दुपारच्या जेवणात पनीर, त्यानंतर पेंग. संध्याकाळी फॉर्म भरायचा: ट्रेनर कसा वाटला, एक ते पाच.

मी जरा वाकडं बोलतोय, पण कारण आहे. प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांवर करावं, असं प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडलं: आवडलं का, शिकला का, वागणं बदललं का, कामावर परिणाम दिसला का. आपल्याकडचा फॉर्म पहिल्या पायरीवर बसतो आणि तिथेच झोपतो.

एका वर्कशॉपमध्ये मात्र माझं खरोखर काही हललं. थॉमस आणि किलमन यांची वादाच्या पाच पद्धतींची चाचणी होती: रेटून नेणं, मिळून तोडगा काढणं, अर्ध्यावर येणं, टाळणं आणि माघार घेणं. मला वाटत होतं मी रेटून नेणारा. निघालो टाळणारा. आधी पटलं नाही. मग तो गुरुवार आठवला. "होऊन जाईल" ऐकून मी पुढे गेलो होतो, कारण खोदून विचारलं असतं तर नको ते उत्तर मिळालं असतं. गुरुवारी टाळलं म्हणून शुक्रवारी ओरडलो. हे मला कोणत्याही पुस्तकातून कळलं नसतं.

सोमवारी ऑफिसला आलो, दोनशे मेल वाट बघत होते, आणि पुढच्या गुरुवारी मी पुन्हा पुढच्याकडे वळलो.

म्हणजे वर्कशॉप आरसा दाखवतं, हात धरत नाही. कंपनी पाठवत असेल तर जा. स्वतःच्या खिशातून देणार असाल तर ट्रेनरला दोन प्रश्न विचारा: आमचे स्वतःचे प्रसंग घेऊन रोल-प्ले होतील का, आणि महिन्याभराने तुम्ही पुन्हा भेटाल का? दुसऱ्याला नुसतं हसून उत्तर आलं तर पैसे ठेवून द्या.

टोस्टमास्टर्स

लोकांचा समज असा की टोस्टमास्टर्सच्या क्लबात भाषण शिकवतात. शिकवतातच, पण मी तिथे भाषणासाठी टिकलो नाही.

१९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी हा प्रकार सुरू केला, आणि मूळ बेत अजून तोच आहे: शिक्षक नाही, सगळे एकमेकांना शिकवणार. तयार भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं, आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं. टायमर हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. एकजण फक्त तुमचे 'अं', 'सो', 'बेसिकली' मोजत बसतो. माझ्या पहिल्या भाषणात चौदा वेळा 'बेसिकली' निघाला. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "चौदाच?"

खरी गोष्ट मूल्यमापनाची. प्रत्येक भाषणानंतर दुसरा सभासद उठून दोन-तीन मिनिटांत सगळ्यांसमोर सांगतो: काय जमलं, काय नाही, पुढच्या वेळी काय करून बघ. ही भूमिका तुमच्याकडे आली की घाम फुटतो. समोर कोणीतरी धडधडत्या छातीने बोलून नुकताच खाली बसलाय. त्याची चूक त्याला कळली पाहिजे आणि पुढच्या आठवड्यात तो परत आलाही पाहिजे. तीन मिनिटं, लाल कार्ड. "तू खूप घाईत बोलतोस" म्हणालात तर तो मिटतो. "दुसऱ्या गोष्टीच्या आधी तू थांबलास तेव्हा मी मान वर केली, असं अजून दोनदा थांब" म्हणालात तर तो लिहून घेतो. त्या गुरुवारी आणि शुक्रवारी मला नेमकं हेच येत नव्हतं.

इथे तुमची चूक दहा मिनिटांत सांगणारा माणूस हजर असतो, आणि पुन्हा करून बघायची तारीखही ठरलेली असते. वर्षभरात तुम्ही पाच-पंचवीस वेळा उभे राहता. या मापाने दुसरी कोणतीही वाट एवढ्या पैशात हिच्या जवळ येत नाही. पाहुणा म्हणून एखादी मीटिंग आधी बघून घ्या, कारण क्लबाक्लबात फरक असतो. जिथे सगळेच सगळ्यांना 'एक्सलंट' म्हणतात, तिथून सरळ निघून या.

उणीव अशी की तिथे कोणी तुमच्यावर चिडलेलं नसतं. क्लबात सगळे सुधारायला येतात, टीममधले पगारासाठी येतात.

कोच, आणि तो जुना-जाणता साहेब

या दोघांत गल्लत होते. कोच उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो; साहेब उत्तर देतो, कधीकधी न विचारता. कोच निवडायचा तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्रांच्या तीन पायऱ्यांचा आधार घेता येतो: एसीसीला कोचिंगचा किमान १०० तासांचा अनुभव लागतो, पीसीसीला ५००, एमसीसीला २,५००. पैसे कंपनी भरत असेल तर पहिल्याच भेटीत विचारा की इथलं बोलणं एचआरपर्यंत जातं का. जात असेल तर तुम्ही तिथेही 'होऊन जाईल'च म्हणणार.

मला कोच बऱ्यापैकी मिळाला. साहेब त्याहून चांगला मिळाला, निव्वळ नशिबाने. निवृत्तीला आलेला, मूळचा कारखान्यातला. मी त्याला विनंती केली की माझ्या दोन मीटिंगमध्ये नुसतं बसा, बोलू नका. मीटिंग संपल्यावर टपरीवर कटिंग घेताना तो म्हणाला, "तू त्या पोरीला विचारलंस, काही अडचण आहे का. आणि ती तोंड उघडायच्या आत म्हणालास, नाही ना, गुड. उत्तर तूच देणार असशील तर विचारतोस कशाला?"

मी म्हटलं, "वेळ कमी होता."

"मग विचारूच नको. निदान तिला कळेल, तुला ऐकायचं नाहीये."

दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती कुठल्याही कोर्सात नाही, कारण कोर्स सगळे इंग्रजीत. पुण्यातल्या टीममध्ये स्टेटस इंग्रजीत होतं, भांडण हिंदीत आणि खरं कारण मराठीत, तेही टपरीवर. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे एक टेस्टर टीममध्ये होते. इंग्रजीत 'यू' म्हणून मी सुटत होतो. एकांतात बोलायची वेळ आली तेव्हा 'तू' म्हणता येईना आणि 'अहो' म्हणालो तर बॉसपणा जाईल अशी भीती. साहेब म्हणाला, "अहो म्हण आणि तारीख पक्की माग. मान दिल्याने तारीख पुढे जात नाही." त्याच दिवशी "अहो, बुधवारी किती वाजेपर्यंत?" असं विचारलं. त्यांनी चार वाजेपर्यंत म्हटलं आणि दिलंही.

तर्क असा की हीच वाट सर्वांत चांगली. पण ती विकत मिळत नाही, आणि साहेबच बिघडलेला असेल तर तुम्ही त्याचं ओरडणंही शिकाल. मी पहिली आठ वर्षं तेच शिकलो होतो.

मग काय करायचं?

नोकरी बदलायचा विचार असेल तर पीएमपी, आणि झाल्याबरोबर चॅप्टरचं काम. आहात तिथेच राहून टीम सांभाळायची असेल तर सहा महिने टोस्टमास्टर्स, आणि सोबत मीटिंगमध्ये येऊन बसेल असा एक माणूस शोधा. तो तुमच्या खात्यातलाच हवा असं नाही. कोच तेव्हा, जेव्हा तीच चूक तिसऱ्यांदा होते. वर्कशॉप फुकट असेल तेव्हा.

पैसे अजिबात नसतील तर सोसायटीच्या गणेशोत्सवाची समिती घ्या. चेष्टा नाही. दहा दिवसांची पक्की मुदत, वर्गणीपुरतंच बजेट, आणि मांडवाच्या दिशेवरून रुसलेले दोन काका; त्यांची ना वर तक्रार (एस्कलेट) करता येते, ना त्यांना टीममधून मोकळं (रिलीज) करता येतं.

आणि यातलं काहीही निवडण्याआधी एक करा. टीमला सांगून, त्यांची हरकत नसेल तर, एक साप्ताहिक मीटिंग रेकॉर्ड करा आणि घरी घड्याळ लावून ऐका: तुम्ही किती बोललात, बाकीचे किती. माझी पहिली मीटिंग तीस मिनिटांची होती. त्यातली तेवीस माझी, आणि उरलेल्या सातमध्ये "होऊन जाईल" पाच वेळा.